पोळ्याचा माल आणि खाली जाणारा ब्रेक

मिरजेकडच्या माणसाला हिंगोली कुठे आहे असं विचारलं तर तो नांदेडच्या दिशेने हात करतो आणि विषय बदलतो. मीही त्यातलाच. तिकडे गेलो तो देवदर्शनाला नाही की हवापालटाला नाही. माझ्याकडे बैलांचा साज उरला होता म्हणून गेलो.

आमच्याकडे बैलांचा सण बेंदूर, आणि तो आषाढात होतो. बेंदूर सरला की घुंगरमाळा, गोंडे, झुली आणि शिंगांच्या टोकावर बसवायच्या पितळी शेंब्या यांना कुणी हात लावत नाही. त्या वर्षी पाऊस लांबला, लोकांचा हात आखडला आणि माझा निम्मा माल तसाच राहिला. वर्षभर ठेवावा तर झुलींना उंदीर लागतात आणि गोंड्यांचा रंग उडतो. मराठवाड्यात मात्र बेंदूर नसतो, पोळा असतो, आणि तो श्रावणातल्या अमावस्येला. म्हणजे आमचा सण संपल्यावर महिना-दीड महिन्याने त्यांचा सुरू. ही गोष्ट आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक होती. पण माल भरून तिकडे न्यावा हे डोक्यात फक्त माझ्या आलं. सायकलच्या कॅरिअरवर कासरे बांधून गावोगाव फिरत मी दुकानापर्यंत आलेला माणूस आहे. माझं डोकं मला कुणी वारशात दिलेलं नाही.

हे दोन हजार तीन किंवा चार सालातलं. गाडी माझी स्वतःची, जुनी डिझेल पिकअप. इंजिन चांगलं, स्प्रिंगचे पाटे मजबूत. ब्रेक तेवढा दोन महिने छळत होता. पाय ठेवला की पेडल मऊ लागायचं आणि कधी कधी हळूहळू खालीच जायचं. आमचा गणपत मिस्त्री वीस वर्षं माझ्या गाड्या बघतो. त्याने दोनदा मास्टर सिलेंडर खोलला. पेडल दाबलं की जो पंप तेल चाकांकडे ढकलतो, तो मास्टर सिलेंडर. त्यातली रबरं त्याने दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांत पेडल परत मऊ. सामान मी मिस्त्रीला कधीच आणू देत नाही. दुकानदार आणि मिस्त्री यांचं काय साटंलोटं असतं ते मला माहीत आहे. रबर, तेल, सगळं मी स्वतः घासाघीस करून आणून देतो. म्हणजे सामान माझं, उत्तम; चूक राहिली ती हाताची. निघायच्या आदल्या दिवशी भर पेठेत मी गणपतला म्हणालो, “तुला पाना धरता येत नाही, आणि मिस्त्री म्हणवतोस?” मी गाडी तशीच बाहेर काढली.

हिंगोली आणि नरसी

हिंगोली तेव्हा नवा जिल्हा. दुकानांच्या पाट्यांवर अजून ‘जि. परभणी’ असायचं आणि लोक ‘आमचा जिल्हा’ म्हणताना जरा ताठ होऊन म्हणायचे. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं, मध्ये हळदीचे रुंद पानांचे पट्टे, आणि माती इतकी काळी की ओल्या रस्त्यावर तिचा आणि डांबराचा रंग एकच वाटावा. आमच्या उसाच्या मुलखात नजर चार हातांवर अडते. इथे ती टेकडीपर्यंत जाते.

पहिल्या दिवशी हिंगोलीत ताडपत्री पसरली आणि पहिलाच धडा मिळाला. आमच्याकडे गिऱ्हाईक भांडतं. मी शंभर सांगावेत, त्याने चाळीस म्हणावेत, दोघांनी एकमेकांची लाज काढावी आणि सत्तरला हसत सुटावं. इथे एका म्हाताऱ्याने घुंगरमाळ उचलली, कानाशी नेऊन हलवली, भाव विचारला. मी सांगितला. त्याने माळ जिथून उचलली होती बरोबर तिथेच ठेवली आणि चालू लागला.

“अहो बाबा, तुम्ही किती देणार ते तरी बोला!”

“तुमी सांगितला ना भाव,” तो वळून म्हणाला. “मला न्हाई परवडत. भांडण काहून करायचं?”

माझं डोकं तापलं. असे आठ-दहा जण गेल्यावर कळलं की ही माणसं अडून बसत नाहीत, खरंच निघून जातात. मग मी पहिलाच भाव रास्त सांगायला लागलो. अर्ध्या तासात तोच म्हातारा आणखी दोघांना घेऊन आला आणि तिघांनी एक शब्द न बोलता माळा घेतल्या. बोलण्यात इतका कमी वेळ घालवून एवढा माल मी आयुष्यात विकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाकडी वाट करून नरसीला गेलो. नामदेव महाराजांचं जन्मगाव जवळ आलेलं असताना चुकवणं बरं वाटेना. देवळासमोरच्या टपरीवर ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. अंबाडी आमच्याकडेही होते, पण इतकी आंबट आणि वर लसणाचं एवढं तेल ओतून कुणी देत नाही. दोन भाकऱ्या जास्त गेल्या. तिथून औंढा नागनाथावरून जवळा बाजार गाठायचा होता. पुढच्या दिवशी तिथला आठवडी बाजार, पोळ्याच्या आधीचा शेवटचा. त्याच्या पुढच्या दिवशी पोळा. तो बाजार चुकला असता तर निम्मी गाडी भरलेला माल घेऊन मला परत मिरजेला जावं लागलं असतं, आणि पेठेने वर्षभर मला सोडलं नसतं.

औंढ्याच्या पुढे

औंढ्याच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि पुढे निघालो. उतारावर ब्रेकने दोनदा हिसका दाखवला. पाय ठेवला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं गेलं. दणकून दाबलं तेव्हा लागला. लागतोय ना, मग जाऊ, असं म्हणून मी गेलो.

सात-आठ किलोमीटरवर एक फाटा लागला. चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज. टपरीपुढे रस्ता जरा उतरता. मी गाडी उभी केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि खिडकीतून चहा मागितला. उतरायचं नव्हतं म्हणून इंजिन चालू, गिअर काढलेला. चहावाल्याने कप हातात दिला, मी पहिला घोट घेतला आणि गाडी निघाली. धावली नाही, सरकली. बैल गोठ्यातून बाहेर पडावा तशी सावकाश पुढे गेली आणि टपरीचा लाकडी बाक रेटत थेट चुलीपर्यंत पोचली. बाकावरचे दोन म्हातारे त्याआधीच उठून बाजूला झाले होते, तेही काही घाई न करता.

“अय पाव्हणं! चहा प्यायला आले का चुलीत बसायला आले?” चहावाला ओरडला.

मी पेडलवर लाथ घातली, गाडी थांबली. उतरून बाकाचा मोडलेला पाय बघत होतो, इतक्यात गॅरेजमधून एक माणूस हात पुसत आला. पन्नाशीचा, बारीक, पांढरी होत आलेली दाढी. त्याचं नाव सत्तारभाई. तो गाडीकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होता.

“शेठ, पाय ब्रेकवर होता ना?”

“होता.”

“बराबर. मी पाहून राहिलो होतो तिकडून. मागचा लाल दिवा पेटलेला, अन् गाडी पुढं चाललेली. म्हंजी माणसानं ब्रेक दाबलाय, पर ब्रेक माणसाचं ऐकून न्हाई राहिला. अशी गाडी घिऊन तुमी औंढ्याचा उतार उतरले?”

“दणकून दाबला की लागतो,” मी म्हणालो.

“तेच तर. दणकून दाबला की लागतो, म्हून माणूस दोन-दोन महिने फिरतो. अन् मंग एक दिवस हळू दाबतो.”

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहून, पाना न उचलता, याने निम्मा रोग सांगितला होता. मला ते कळलं. पण मिस्त्री हुशार निघाला की मजुरी चढते हा माझा अनुभव. म्हणून मी आधी तोडून विचारलं, “किती घेणार?”

तो हसला. “अजून आजार कळला न्हाई, अन् तुमी औषधाचा भाव करून राहिले.”

फातिमाभाभींचा पाय

सत्तारभाईंच्या शेडच्या एका कोपऱ्यात शिलाई मशीन होतं आणि त्यावर त्यांची बायको, फातिमाभाभी, ब्लाऊज शिवत बसलेल्या. पायाने चालवायचं मशीन. गॅरेजमध्ये शिलाई मशीन बघून मला हसू आलं होतं. तासाभरात ते हसू गेलं.

सत्तारभाईंनी पहिल्यांदा बोनेटखालची ब्रेकच्या तेलाची वाटी उघडली. तेल काठोकाठ. “बाहेर कुठं गळत न्हाई,” म्हणाले. तरी विश्वास ठेवला नाही. चारी चाकांच्या आतल्या बाजूला, नळ्यांच्या जोडांना चुलीतली कोरडी राख फासली, मला पेडल पाच-सहा वेळा दाबायला लावलं आणि मग वाकून बघितलं. राख कुठेही ओली झाली नव्हती.

“आता भराभर मारा. तीन वेळा.”

मारलं. पेडल वर चढलं नाही.

“हवा शिरली असती तर पंप केल्यावर वर आलं असतं, अन् पायाला स्पंजावानी लागलं असतं. तसं न्हाई. आता एकदा दाबून धरा.”

मी दाबून धरलं. पेडल दगडासारखं घट्ट. मी विजयाने त्यांच्याकडे बघितलं. “बघा. काही नाही झालं.”

सत्तारभाईंनी मान हलवली आणि मागे वळून हाक मारली, “सुनते क्या? जरा पाय देव.”

भाभी उठल्या, चप्पल बाहेर काढली, पदर खोचला आणि माझ्या सीटवर जाऊन बसल्या. मी खाली उभा. एक बाई माझ्या गाडीचा ब्रेक तपासणार, हे मला काही केल्या पटेना. त्यांनी अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं आणि दाबलं म्हणण्यासारखं काही केलंच नाही. नुसतं ठेवलं आणि तेवढ्याच वजनाने धरून राहिल्या. मशीनचं पायडल तीस वर्षं एकसारखं चालवलेला पाय तो. कमी नाही, जास्त नाही.

“चाललाय,” त्या म्हणाल्या. “एक बोट गेला… दोन बोटं… अजून चाललाय.”

मी वाकून बघितलं. पेडल खरोखर खाली जात होतं, घड्याळाच्या काट्यासारखं.

“इकडं या,” सत्तारभाईंनी मला बोनेटकडे बोलावलं. वाटीतल्या तेलात तळाकडून बारीक भोवरा उठत होता. “जे तेल चाकाकडं जायचं, ते रबराच्या कडेनं माघारी येऊन राहिलं. जोरात दाबलं तर रबर फुगून भिंतीला चिकटतं, तेल अडतं. हळू दाबलं तर रबराला जोर न्हाई, तेल निसटतं. तुमचा पाय कधीच हळू पडत न्हाई, म्हून तुमाला सापडला न्हाई.”

“भाऊंचा पाय रागाचा हाय,” सीटवरून भाभी म्हणाल्या. “ब्रेकवर उभेच राहतेत.”

चहावाला हसला. दोन म्हातारेही हसले. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण त्या बाईंच्या पायाने दोन मिनिटांत जे सांगितलं ते मला आणि गणपतला दोन महिन्यांत सापडलं नव्हतं. मी म्हणालो, “मग आमचा मिस्त्री नालायकच म्हणायचा. दोनदा रबर बदलून हे असं!”

सत्तारभाईंनी मास्टर सिलेंडर खोलला आणि आतलं वाटीच्या आकाराचं रबर बाहेर काढलं. मग त्याच मापाचं नवं रबर शेल्फवरून आणून माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवलं. माझं रबर नव्यापेक्षा जाड, फुगलेलं, आणि कड बोटाने दाबली तर शिजलेल्या वालासारखी मऊ.

“हे नुकतंच बदललेलं रबर? याला काही तरी पाजलंय. तेल कोणतं घातलं?”

“उत्तम तेल आहे,” मी म्हणालो. “मी स्वतः आणलंय. सुटं घेतलं, पाच लिटरचा डबा. निम्म्या भावात सोडायला लावला.” डबा सीटमागेच होता; मी आणून दाखवला.

सत्तारभाईंनी भाभींच्या माठातून स्टीलच्या दोन पेल्यांत पाणी घेतलं. एका पेल्यात सीलबंद बाटलीतल्या ब्रेक ऑइलचे चार थेंब सोडले आणि काडीने ढवळलं. तेल पाण्यात मिसळून दिसेनासं झालं. दुसऱ्यात माझ्या डब्यातलं सोडलं. ढवळलं, पुन्हा ढवळलं. वरणावर तूप तरंगावं तसे पिवळे गोल वर येऊन थांबले.

“ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं, शेठ. हे ब्रेकचं तेलच न्हाई. हे दुसरंच कसलं तरी मशीनचं तेल हाय. हे रबराला खातं.”

मी पेला उचलून ओतून टाकला. म्हणालो, पेला तेलकट असेल. स्वतः राखेने दोन्ही पेले घासले, स्वतः पाणी घेतलं, स्वतः थेंब सोडले. पिवळे गोल पुन्हा वर आले.

गणपतचं रबर चांगलं होतं. गणपतचा हातही चांगला होता. ज्या तेलाचा भाव पाडला म्हणून मी पेठेत मिशीवर ताव दिला होता, त्या तेलाने दोन्ही वेळची रबरं खाल्ली होती. मी बाकावर बसलो. तो मोडका होता हे विसरलो आणि खाली पडलो. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. चहावाल्याने हात दिला.

माल गाडीत, गाडी फाट्यावर

“आता नुसतं वरचं रबर बदलून भागणार न्हाई,” सत्तारभाई म्हणाले. “चारी चाकांतली रबरं, लवचीक नळ्या, सगळं याच तेलात भिजलंय. सगळं काढायचं, धुवायचं, नवं घालायचं. सामान परभणीहून आणावं लागंल. उद्या मी सकाळच्या गाडीनं जातो.”

“उद्या बाजार आहे हो! शेवटचा. परवा पोळा. मी हळूहळू नेतो, हॅण्डब्रेकवर.”

“न्या की,” ते म्हणाले आणि मास्टर सिलेंडरचे सुटे भाग फडक्यात गुंडाळून स्वतःच्या खिशात घातले. “असंच नेता येतंय का बघा.”

मी ओरडलो. खूप ओरडलो. मिरजेतला माणूस एवढं ऐकून घेत नाही. सत्तारभाई बिडी ओढत उभे राहिले आणि माझं संपल्यावर म्हणाले, “जवळ्याच्या बाजारात लेकरंबाळं असतेत, शेठ. तुमी ओरडा. पर गाडी जाणार न्हाई.”

त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक इतका वेळ माझ्या गाडीतली झूल हाताने चाचपत होता. त्याचं नाव प्रल्हादराव. फाट्याला लागूनच त्यांचं घर. दारावर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ लिहिलेलं. दोन एकर शेती आणि एक पांढरी बैलजोडी.

“माल माझ्या गाडीत टाका,” प्रल्हादराव म्हणाले. “पहाटं निघू. बाजार भरायच्या आत पोचू.”

“भाडं?” माझ्या तोंडातून सवयीनेच निघालं.

“भाडं न्हाई. बैलाला साज द्या, त्यांच्या अंगावर घालून नेऊ. मला बाजारात मिरवायचंय. पोळ्यानंतर निम्म्या किमतीत मी ठिवून घेतो.”

मी म्हणालो, पाऊण किमतीत. ते म्हणाले, “मंग मी झोपतो उद्या.” निम्म्यात ठरलं. माझ्या धंद्यात मला असं गप्प बसवणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

रात्री जेवायला भाभींनी खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला. “तुमचा सावन हाय ना? आमच्यात बी आज सादंच,” म्हणाल्या. माझ्याकरताच साधं केलं होतं हे मला कळत होतं, पण त्यांनी ते कळू दिलं नाही. ताट पुढे सरकवता सरकवता माझी एक झूल उलटी करून बघितली आणि निकाल दिला, “टाका लई लांब हाय. बैल एकदा पाठ घासंल अन् उसवंल.” तेही खरं होतं.

जवळा बाजार

बैलांचा साज बैलगाडीतून विकायला जाणं मी आयुष्यात प्रथमच केलं. पहाटेच्या ओलसर हवेत जोडी माझ्याच घुंगरांच्या आवाजात चालली होती आणि रस्त्याने भेटणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, “कुठून घेतलं, बापू?” प्रल्हादराव मागे बोट करायचे. बाजार भरायच्या आधीच निम्मी गिऱ्हाइकं ठरलेली.

बाजारात मी ताडपत्री पसरायला लागलो तर त्यांनी हात धरला. “खाली काहून मांडता? बैल उभे हायेत की.” एकाच्या कपाळावर बाशिंग, शिंगांना शेंब्या, पाठीवर लाल झूल, दुसऱ्याला हिरवी झूल आणि गोंडे. लोक बैल बघायला यायचे आणि साज घेऊन जायचे. झूल अंगावर कशी बसते, गोंडा चालताना कसा झुलतो, काही सांगावंच लागेना. इतकी वर्षं मी हा माल जमिनीवर पसरून विकत होतो. दुपारपर्यंत गाडीत रिकामी पोती उरली.

बाजारातल्या एसटीडी बूथवरून मी गणपतला फोन लावला.

“गणपत, तेल माझं होतं.”

तो म्हणाला, “मला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी डबा बघून मी बोललो होतो की तुम्हाला. तुम्ही म्हणालात, तुझ्या दुकानदाराचं घेत नाही म्हणून तुझं पोट दुखतंय.”

तो बोलला होता. मीच ते सोयीने विसरलो होतो.

“चुकलं माझं.”

“ते मला फोनवर कशाला सांगता, मालक? बोलला होतात ते भर पेठेत.”

म्हणून हे लिहून काढलं, आणि पेठेत ज्यांना वाचायला हवं त्यांना दिलं आहे. त्या तेलवाल्याशी माझा हिशेब वेगळा आहे, आणि तो मी तोंडीच करणार आहे.

पोळा

आम्ही परतलो तेव्हा प्रल्हादरावांच्या दारात खांदमळणी झाली. जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना त्यांनी हळद-लोणी चोळलं. बेंदराला आम्हीही बैल धुतो, रंगवतो, शर्यतीला पळवतो. पण दुखतं त्या जागेला इतका वेळ हात लावून बसलेलं मी आमच्याकडे फार बघितलं नाही. मी विचारलं, “पूजा करता?”

“पूजा-बिजा आमी करत न्हाई,” ते म्हणाले. “पर त्यानं वरीसभर वढलंय. त्याला एक दिवस बरं वाटावं का न्हाई?”

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून सत्तारभाई गाडीखाली आणि भाभी सीटवर. नळ्यांतली हवा काढायचं काम चाललेलं. खालून आवाज यायचा, “धर!” वरून उत्तर, “धरलं!” मग चाकाजवळ तेलाची चिळकांडी, आणि “सोड!” “सोडलं!” चार चाकांना मिळून तास-दीड तास हे चाललं. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला घाई कर म्हटलं नाही. शेवटी भाभींनी बराच वेळ पाय नुसता ठेवून बघितला आणि खाली उतरल्या.

“बसा,” मला म्हणाल्या. “चप्पल काढून.”

मजुरी मी विचारली. सत्तारभाईंनी एकदाच सांगितली. मी तेवढीच दिली, आणि टपरीचा बाक नवा करायचा खर्चही.

निघालो तेव्हा दुपार कलली होती. गावातले बैल सजून वेशीकडे निघाले होते आणि रस्ता त्यांनी भरला. मी टपरीपुढच्या त्याच उतारावर गाडी थांबवली, गिअर काढला, अनवाणी पाऊल पेडलवर ठेवलं. दाबलं नाही, ठेवलं. समोरून जोड्या जायला लागल्या. शिंगांना बेगड, अंगावर माझ्या झुली, कुणाच्या गळ्यात माझ्या माळा. घुंगरांच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना. पेडल पायाखाली होतं तिथेच होतं.

प्रल्हादरावांची जोडी शेवटून दुसरी. नेमकी माझ्यापुढे आल्यावर डाव्या बैलाचा गोंडा सुटून लोंबायला लागला. त्यांनी जोडी थांबवली आणि माझ्या बंपरपासून हातभर अंतरावर, माझ्याकडे पूर्ण पाठ करून, गोंडा बांधायला उभे राहिले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बोटं म्हातारी, गाठ बसेना. दोनदा सोडून पुन्हा बांधली. मागच्या जोडीवाला ओरडला, “आटपा की, बापू!”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“सावकाश बांधा,” मी म्हणालो. “गाडी धरलीये मी.”